आठ आउटपुट, चार मिक्स: इंटरफेसच्या सॉफ्टवेअर मिक्सरमधलं रूटिंग

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचं आउटपुट ३-४ निवडलंय, केबलही ऑडिओ इंटरफेसच्या (संगणकाला माइक आणि स्पीकर जोडून देणाऱ्या डब्याच्या) मागच्या ३-४ जॅकला आहे, ट्रॅकचा मीटर नाचतोय, आणि तरी स्पीकर गप्प. अशा वेळी हात आधी केबलकडे जातो. पण बहुतेक वेळा केबल ठीकच असते. सॉफ्टवेअरमधला ३-४ आणि मागच्या पट्टीवरचा ३-४ या दोन वेगळ्या जागा आहेत आणि त्यांच्या मधे एक अख्खा मिक्सर बसलेला आहे. दोन्हींना एकच आकडा दिल्यामुळे त्या एकच वाटतात, एवढंच.

आरएमई कंपनीच्या टोटलमिक्स या मिक्सरमध्ये ही रचना सगळ्यात स्वच्छ दिसते, म्हणून तिचंच उदाहरण घेऊ. तीन आडव्या रांगा असतात. वरची रांग हार्डवेअर इनपुटची, म्हणजे माइक आणि लाइन. मधली रांग सॉफ्टवेअर प्लेबॅकची, म्हणजे संगणकातून जे येतं ते. खालची रांग हार्डवेअर आउटपुटची, म्हणजे खरे जॅक. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही जो ३-४ निवडता तो मधल्या रांगेतला प्लेबॅक ३-४. तो खालच्या रांगेतल्या कुठल्या जॅकवर जाईल, एकाच जोडीवर जाईल की चारही जोड्यांवर जाईल, हे मिक्सर ठरवतो. इतर कंपन्यांचे मिक्सर दिसायला वेगळे असतात. कुठे प्रत्येक आउटपुटला एक टॅब असतो, कुठे आउटपुटांची यादी आणि तिच्यासमोर स्रोत निवडायचा मेन्यू. आतलं तत्त्व मात्र हेच.

आधी आउटपुट, मग फेडर

प्रत्यक्षातल्या मिक्सरवर काम केलेल्या माणसाला इथे एक सवय सोडावी लागते. तिथे एका चॅनलला एक मुख्य फेडर (पातळी कमीजास्त करायची सरकपट्टी) असतो, आणि तोच आवाज इतर ठिकाणी पाठवायला ऑक्सची बटणं. सॉफ्टवेअर मिक्सरमध्ये एका चॅनलला जेवढे आउटपुट तेवढे फेडर असतात, फक्त एका वेळी एकच दिसतो. खालच्या रांगेत आउटपुट ५-६ वर क्लिक केलं, की वरच्या दोन्ही रांगांतले फेडर ‘मी ५-६ वर किती जातोय’ हे दाखवायला लागतात. १-२ वर क्लिक केलं, की तेच फेडर उड्या मारून दुसऱ्याच जागी जातात. काही बिघडलेलं नसतं. तुम्ही दुसरं मिक्स बघत असता.

म्हणून एक शिस्त अंगवळणी पाडावी: फेडरला हात लावण्याआधी कुठलं आउटपुट निवडलंय ते बघायचं. गायकाच्या हेडफोनमध्ये ड्रम कमी करायला गेलात आणि खाली १-२ निवडलेलं राहिलं असेल, तर कंट्रोल रूमच्या स्पीकरमधले ड्रम गेले आणि गायक अजून तक्रार करतोच आहे, असं होतं. आउटपुटांना नावं द्या: ‘स्पीकर’, ‘ड्रमर’, ‘गायक’, ‘कॉल’. आकड्यांपेक्षा नावं वाचून चुका फार कमी होतात.

नवीन मिक्स लावताना त्या आउटपुटला जाणारे सगळे फेडर आधी पूर्ण खाली आणावेत आणि मग हवं तेवढंच वर घ्यावं. याचं कारण म्हणजे सुरुवातीची मांडणी. अनेक इंटरफेस डबा उघडल्यावर एकास एक लावलेले असतात: प्लेबॅक १-२ आउटपुट १-२ वर, ३-४ हे ३-४ वर, आणि असंच पुढे, ० डीबीवर, म्हणजे पातळी न बदलता. ही सोय पहिल्या दिवशी चांगली असते आणि दुसऱ्या दिवशी अडचणीची ठरते, कारण तुम्ही न लावलेले रस्तेही चालू असतात.

मीटर जिथे थांबतो, तिथे बिघाड

आवाज येत नसेल तर अंदाज करू नका, मीटर वाचा. सॉफ्टवेअरमध्ये १ किलोहर्ट्झचा टोन किंवा पिंक नॉइज उणे २० डीबीला लावा आणि ट्रॅकपासून जॅकपर्यंत क्रमाने बघत जा. ट्रॅकचा मीटर हलतो पण मधल्या रांगेतला प्लेबॅकचा हलत नाही, तर अडचण सॉफ्टवेअरच्या आउटपुट सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरच्या निवडीत आहे. प्लेबॅकचा हलतो पण खालच्या रांगेतला आउटपुटचा नाही, तर मिक्सरमध्ये रस्ताच नाही. तिन्ही हलतात आणि तरी आवाज नाही, तर आता केबल, स्पीकर आणि मागचा जॅक तपासायची वेळ आली.

एक गोष्ट इथे फसवते. वरच्या दोन रांगांमधले मीटर फेडरच्या आधीचे असतात. त्याच चॅनलचे अनेक फेडर असल्यामुळे दुसरं काही शक्यच नाही. त्यामुळे फेडर पूर्ण खाली असतानाही प्लेबॅकचा मीटर जोरात हलतो. त्याचा अर्थ ‘सिग्नल इथवर आला’ एवढाच, ‘पुढे गेला’ असा नाही.

सॉफ्टवेअरच्या बाजूला कुठे बघायचं तेही सांगतो. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ डिव्हाइसच्या पानावर आउटपुट रेंजचा पहिला आणि शेवटचा चॅनल ठरवावा लागतो. तिथे १ ते २ एवढंच असेल तर पुढचे चॅनल मेन्यूत दिसणारच नाहीत. मग ट्रॅकच्या राउट खिडकीत नवीन हार्डवेअर आउटपुट जोडायचं, आणि त्याच खिडकीतली मास्टर सेंडची खूण काढायची. ती काढायची राहिली, तर क्लिक, म्हणजे तालाची टिकटिक, ड्रमरकडेही जातो आणि मुख्य मिक्समध्येही. क्यूबेसमध्ये एफ४ दाबून ऑडिओ कनेक्शन्समध्ये प्रत्येक जोडीसाठी आउटपुट बस तयार करावी लागते. एबलटन लाइव्हमध्ये ऑडिओ सेटिंगमधल्या आउटपुट कॉन्फिगमध्ये जोड्या चालू केल्या की ट्रॅकच्या एक्स्टर्नल आउटमध्ये दिसतात.

आणि हे लक्षात असू द्या: असा ट्रॅक मास्टरमधून जात नाही. मास्टरवर लिमिटर लावला असेल तर तो या ट्रॅकला लागत नाही. मास्टर फेडर खाली ओढला तरी ३-४ चा आवाज तसाच राहतो. रंगमंचावर काही बिनसलं आणि सगळं एकदम बंद करायचं असेल, तर मास्टर फेडरवर विसंबू नका. मिक्सरमध्ये त्या आउटपुटच्या म्यूटला हात कसा पोचेल ते आधीच ठरवून ठेवा.

एकच आवाज दोन वाटांनी

रूटिंगच्या चुकांमध्ये शांतता ही सोपी चूक, कारण ती लगेच कळते. अवघड चूक म्हणजे एकच आवाज दोन रस्त्यांनी एकाच आउटपुटवर पोचणं. आवाज येतो, म्हणून कोणी तपासत नाही. पण तो पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो, आणि दोष माइकवर किंवा खोलीवर ढकलला जातो.

माइकचा सिग्नल मिक्सरमधून थेट हेडफोनला जातोय, आणि त्याच ट्रॅकचं मॉनिटरिंग (वाजवता-गाताना लगेच ऐकवणं) रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्येही चालू आहे, असं समजा. थेट रस्ता जवळजवळ तत्काळ पोचतो. सॉफ्टवेअरचा रस्ता बफर (आवाजाचे तुकडे क्षणभर साठवायची जागा) भरून येतो: ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेला २.६७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन ५.३३, शिवाय ड्रायव्हरचा थोडा राखीव वेळ. दोन्ही आवाज सारख्या पातळीचे असले आणि त्यांच्यात ५ मिलिसेकंदांचं अंतर पडलं, तर १००, ३००, ५०० हर्ट्झ असे एकाआड एक खड्डे पडत जातात. अंतर १ मिलिसेकंद असेल तर पहिला खड्डा ५०० हर्ट्झला, मग १५००, २५००. मानवी आवाजाचा सगळा गाभा याच पट्ट्यात असतो, म्हणून गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज परका वाटतो आणि तो सूर शोधत बसतो.

उशीर मुळीच नसेल तर पोकळपणा येत नाही, पातळी वाढते. तोच मिक्स प्लेबॅक १-२ आणि ३-४ दोन्हींतून एका आउटपुटवर आला तर सरळ ६ डीबीची वाढ. कुठलीही जोडी अचानक ६ डीबीने मोठी झाली, तर दुसरा रस्ता शोधा.

उपाय एकच: मॉनिटरिंग मिक्सरमधून करायचं की सॉफ्टवेअरमधून, हे एकदा ठरवा आणि दुसरं बंद करा. मिक्सरमधून करायचं असेल तर सॉफ्टवेअरमध्ये इनपुट मॉनिटरिंग बंद. सॉफ्टवेअरमधून करायचं असेल (गिटारचा अँप प्लगइनमध्ये आहे, तर दुसरा इलाजच नाही), तर वरच्या रांगेतलं ते इनपुट प्रत्येक सबमिक्समध्ये (एकेका आउटपुटच्या मिक्समध्ये) पूर्ण खाली. एका मिक्समध्ये खाली केलं म्हणजे सगळीकडे झालं असं नाही, हे वर सांगितलंच.

रिव्हर्ब हा याला सुंदर अपवाद आहे. गायकाला कोरडा आवाज मिक्सरमधून थेट द्या. सॉफ्टवेअरमध्ये त्याच माइकचा एक जादा ट्रॅक घ्या, त्याचं मॉनिटरिंग चालू ठेवा, त्यावर १०० टक्के वेट रिव्हर्ब (फक्त घुमारा) लावा, कोरडा भाग शून्य, आणि त्याचं आउटपुट फक्त प्लेबॅक ५-६. बफर २५६ चा असला तरी बिघडत नाही. ते १०-१२ मिलिसेकंद रिव्हर्बच्या प्री-डिलेमध्ये (घुमारा सुरू होण्याआधीच्या अंतरात) जिरून जातात, कारण कोरडा भाग नसल्यामुळे खड्डे पाडायला जोडीदारच उरत नाही. रेकॉर्ड होणारा ट्रॅक कोरडाच राहतो. बफर लहान करण्याच्या खटपटीत संगणकाला दम लावण्यापेक्षा ही युक्ती कितीतरी चांगली.

एक पूर्ण मांडणी

आठ आउटपुटचा इंटरफेस घ्या. १-२ ला स्पीकर, ३-४ ला ड्रमरचा हेडफोन अँप, ५-६ ला गायकाचा, ७-८ ला काहीच जोडलेलं नाही. संगणकातून प्लेबॅक १-२ वर क्लिक सोडून सगळा मिक्स येतो, ३-४ वर फक्त क्लिक, ५-६ वर गायकाचा रिव्हर्ब, ७-८ वर कॉल अ‍ॅपचा, म्हणजे दूर बसलेल्या साथीदाराचा आवाज.

आता ‘ड्रमर’ निवडा. क्लिक ० डीबी, मिक्स उणे १०, गायकाचा माइक उणे १२, कॉल उणे १०. बाकी सगळं खाली. ड्रमरला क्लिक मोठा लागतो. म्हणून क्लिक वाढवत नेण्याऐवजी बाकीचं कमी करा आणि एकूण आवाज हेडफोन अँपवर सांभाळा. ‘गायक’ निवडा. स्वतःचा माइक उणे ६, मिक्स उणे १२, रिव्हर्ब उणे १५, कॉल उणे १२. क्लिक शक्यतो द्यायचाच नाही, आणि द्यावाच लागला तर उणे २५ च्या आसपास. हेडफोनमधून झिरपणारा क्लिक माइकमध्ये जातो आणि गाण्याच्या शांत शेवटी, जिथे एक सूर लांबवलेला असतो, नेमका तिथे टिकटिक ऐकू येते. ती नंतर काढता येत नाही. ‘स्पीकर’मध्ये मिक्स ०, कॉल उणे १०, माइक पूर्ण खाली, कारण माणसं त्याच खोलीत आहेत.

राहिलं ७-८. हे आउटपुट कुठल्याच जॅकसाठी नाही, लूपबॅकसाठी आहे.

लूपबॅक चालू केलं की त्या आउटपुटवर जे मिक्स तयार झालंय ते संगणकाला इनपुट म्हणून परत मिळतं. टोटलमिक्समध्ये आउटपुट ७-८ चं लूपबॅक संगणकाच्या इनपुट ७-८ ची जागा घेतं. म्हणजे त्या इनपुटला माइक असेल तर तो मिक्सरमध्ये वापरता येतो, पण रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला मिळत नाही. काही इंटरफेसमध्ये लूपबॅकसाठी वेगळे इनपुट दिलेले असतात. तिथे ही अडचण येत नाही.

‘कॉल’ निवडा: खोलीतले माइक उणे ६, मिक्स उणे ६, आणि प्लेबॅक ७-८ पूर्ण खाली. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पलीकडच्या माणसाला सगळं ऐकवायचं, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून. प्रसारणात याला मिक्स-मायनस म्हणतात. आठवा, डबा उघडल्यावर प्लेबॅक ७-८ हा आउटपुट ७-८ वर ० डीबीला जोडलेला होता. तो तसाच राहिला, तर पलीकडचा माणूस बोलतो आणि थोड्या वेळाने त्याचंच वाक्य त्याच्या कानात परत येतं. ‘माझा आवाज मला येतोय’ असं तो सांगतो आणि इकडे सगळे आपापले माइक तपासत बसतात. कारण इथे आहे.

दुसरा धोका वर्तुळाचा. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये इनपुट ७-८ घेतलेल्या ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू राहिलं, तर तो आवाज प्लेबॅक १-२ मध्ये येतो, तिथून परत आउटपुट ७-८ मध्ये, लूपबॅकमधून पुन्हा इनपुटला, आणि बघता बघता शिट्टी टोकाला पोचते. लूपबॅकचं बटण दाबण्याआधी हेडफोन कानावरून काढा आणि त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद आहे याची खात्री करा. खरंच, कान एकदाच मिळतात.

विंडोजमध्ये ड्रायव्हर चॅनलांच्या जोड्या वेगवेगळी उपकरणं म्हणून दाखवू शकतो, त्यामुळे कॉल अ‍ॅपला ७-८ ची जोडी देता येते. मॅकवर अनेक कॉल अ‍ॅप पहिले दोनच चॅनल घेतात. तिथे लूपबॅक आउटपुट १-२ वर घ्यावं लागतं. मग माइक इनपुट ३ पासून लावा, म्हणजे कोणाचाच चॅनल बुडणार नाही, आणि स्पीकर दुसऱ्या जोडीवर हलवा. मॅकच्या ऑडिओ मिडी सेटअपमध्ये स्पीकर कॉन्फिगर करायच्या बटणातून यंत्रणेचा स्टिरिओ आवाज कुठल्या जोडीवर जावा तेही ठरवता येतं. सूचनांची टिंगटिंग मुख्य मिक्सपासून दूर ठेवायला ते उपयोगी पडतं.

लूपबॅकसाठी खरे जॅक खर्ची घालायचे नसतील आणि इंटरफेसला अ‍ॅडॅटचं (एका केबलवर अनेक डिजिटल चॅनल नेणारं) ऑप्टिकल आउटपुट असेल, तर ते चॅनल वापरा. पण सॅम्पल रेट बघून. अ‍ॅडॅटच्या एका केबलवर ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झला ८ चॅनल मिळतात, ८८.२ आणि ९६ ला ४, आणि १७६.४ व १९२ ला फक्त २. अ‍ॅडॅट ७-८ वर लावलेलं लूपबॅक ९६ चं प्रोजेक्ट उघडताक्षणी नाहीसं होतं, कारण तो चॅनलच उरत नाही.

बाहेरचं यंत्र मधे घालताना

आउटपुट ५-६ मधून बाहेरच्या कॉम्प्रेसरला आणि तिथून इनपुट ५-६ ला परत, अशी जोडणी असेल तेव्हा प्लेबॅक ५-६ फक्त आउटपुट ५-६ वर, नेमका ० डीबीला ठेवा आणि बाकी काहीही तिथे येऊ देऊ नका. परत येणारं इनपुट ५-६ सगळ्या सबमिक्समध्ये पूर्ण खाली. ते सॉफ्टवेअरमधूनच ऐकायचं आहे, नाहीतर वर सांगितलेली दोन वाटांची गोष्ट पुन्हा होते. मग सॉफ्टवेअरच्या पिंग बटणाने (चाचणीचा आवाज पाठवून) उशीर मोजून घ्या. बफर बदलला की पुन्हा मोजा.

पातळीकडेही लक्ष द्या. अधिक ४ डीबीयू आणि उणे १० डीबीव्ही या दोन लाइन पातळ्यांमध्ये ११.८ डीबीचा फरक असतो. एक टोक एकावर आणि दुसरं दुसऱ्यावर असेल तर एकीकडे कुजबुज, नाहीतर सतत फाटणारा आवाज. हा फरक फेडरने भरून काढू नका. आउटपुटच्या सेटिंगमध्येच योग्य पातळी निवडा.

जॅक सारखे दिसतात, सारखे नसतात

लाइन आउटपुट आणि हेडफोन आउटपुट दोन्हींना तोच पाव इंची जॅक असतो. लाइनचा जॅक बॅलन्स्ड मोनो: टोकावर सिग्नल, कड्यावर त्याचाच उलटा. हेडफोनचा स्टिरिओ: टोकावर डावा, कड्यावर उजवा. हेडफोन आउटपुटमधून एका तीन-संपर्कांच्या केबलने मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये गेलात, तर तिथे डाव्यातून उजवा वजा होतो. मधोमध ठेवलेलं सगळं, म्हणजे गायक, किक, बेस, नाहीसं होतं आणि उरतो तो रिव्हर्ब आणि कडेच्या गिटारी. ‘गायकाचा ट्रॅक म्यूट झालाय’ असं वाटतं, पण मिक्सरमध्ये सगळं जागेवर असतं. इथे एका स्टिरिओ जॅकचे दोन मोनो जॅक करणारी केबल लागते. उलट लाइन आउटपुटला थेट हेडफोन लावला तर एकच चॅनल ऐकू येतो, तोही बहुधा दोन्ही कानांत उलटसुलट ध्रुवतेने, त्यामुळे डोक्याच्या आत विचित्र ताण जाणवतो.

काही इंटरफेसमध्ये हेडफोनला स्वतंत्र चॅनल नसतात. तिसऱ्या पिढीच्या स्कारलेट १८आय२० मध्ये पहिला हेडफोन आउटपुट ७-८ चंच मिक्स ऐकवतो आणि दुसरा ९-१० चं. तिथे हेडफोनला क्लिक पाठवला की मागच्या ७-८ जॅकमधूनही तो निघतो. त्या जॅकला एखादा अँप जोडलेला असेल तर क्लिक सगळ्या खोलीला ऐकू जातो.

सबवूफरसाठी एकच आउटपुट वापरत असाल तर जोडी फोडून तो चॅनल मोनो करा आणि डावा-उजवा दोन्ही त्यावर घ्या. बेस बहुधा दोन्हींकडे सारखाच असतो, म्हणून बेरीज ६ डीबीने चढते. पाठवणी तेवढी खाली आणा.

जपून ठेवणं आणि शेवटची चाचणी

मिक्स लागलं की लगेच त्या मांडणीचा स्नॅपशॉट मिक्सरमध्ये साठवा आणि त्याच वेळी फाइल म्हणूनही संगणकावर ठेवा, नावात तारीख, सॅम्पल रेट आणि बफर घालून. काही इंटरफेस रूटिंग स्वतःच्या पोटात लक्षात ठेवतात, काहींना संगणकावरचं अ‍ॅप उघडल्याशिवाय आठवत नाही. तुमचा कुठल्या जातीचा ते कळायला सोपी परीक्षा आहे: इंटरफेस बंद करा, यूएसबी काढा, पुन्हा चालू करा आणि माइकमध्ये बोलून बघा. हेडफोनमध्ये आवाज आला तर रूटिंग आत आहे.

कार्यक्रमाआधी एक चाचणी कधीही टाळू नका. क्लिक सोडून बाकी सगळे ट्रॅक म्यूट करा, फक्त क्लिक वाजू द्या, आणि हॉलच्या स्पीकरकडे जाणाऱ्या आउटपुटचा मीटर बघा. तो पूर्ण काळा राहिला पाहिजे. उणे ६० ला एक रेघ जरी चमकली तरी कुठूनतरी रस्ता उघडा आहे: रीपरमध्ये मास्टर सेंड, मिक्सरमध्ये प्लेबॅक ३-४ चा विसरलेला फेडर, किंवा ड्रमच्या माइकमध्ये हेडफोनमधून झिरपणारा क्लिक. हे तिन्ही रस्ते एकेक करून बंद करत गेलात की तिघांपैकी कोण ते मिनिटभरात सापडतं.